कंट्रोलचं गवत

नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात दिवे लागायच्या वेळी भाजीवालीनं पालकाची जुडी पुढे केली आणि कुणी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "नाल्यावरची नाही जी बाई, विहिरीवरची आहे." घेणाऱ्या बाईंनी जुडी नाकाशी नेली, एक देठ मोडून पाहिलं, मुळाला चिकटलेली काळी माती अंगठ्यानं झटकली आणि जुडी पिशवीत टाकली. सौदा झाला. वास घेऊन यातलं काही कळत नाही, हे दोघींनाही ठाऊक असावं. भाजीवाली खोटं बोलत होती असं मुळीच नाही, बहुधा खरंच सांगत असेल. खटकत राहिलं ते वेगळंच. ज्या शहरात नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, मृद सर्वेक्षणाचं देशाचं मुख्यालय आहे, संत्र्याची केंद्रीय संस्था आहे आणि कापसाचीही आहे, त्या शहरात मातीबद्दलचा प्रश्न अजून नाकानंच सोडवावा लागतो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भाजीवाली देते, याचा अर्थ प्रश्न बाजारात सगळ्यांच्या मनात आहे. त्याला जागा तेवढी कुठे नाही.

नाल्याच्या सांडपाण्यातून मातीत उतरणाऱ्या कॅडमिअम या जड धातूला वास नसतो. चवही नसते. पालक उलट हिरवागार दिसतो, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. शिसं मातीला इतकं घट्ट धरून राहतं की मुळातून वर पानापर्यंत फारसं चढतच नाही. पालेभाजीत ते सापडलंच, तर पुष्कळदा पानावर बसलेल्या धुळीतून आलेलं असतं. जस्त आणि निकेल वर चढतात, पण खाणाऱ्याला बाधण्याआधी झाडालाच बाधतात. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते आणि असा माल बाजारात येतच नाही. कॅडमिअमचं तसं नाही. माणसाच्या मूत्रपिंडाला घातक ठरेल इतकं पानात साठलं तरी झाडाच्या तब्येतीवर त्याची खूण दिसत नाही. ताज्या पालेभाजीसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेली जुडी आणि न ओलांडलेली जुडी शेजारी ठेवल्या तर अनुभवी शेतकऱ्यालाही ओळखू येणार नाहीत.

माती आणि खाणारा यांच्यामध्ये झाड कोणत्या धातूला अडवतं आणि कोणत्याला सोडतं, हे ज्यांनी आयुष्यभर तपासलं त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकी कृषी खात्यातले शास्त्रज्ञ रूफस चेनी. काही रानटी झाडं धातू अडवत तर नाहीतच, उलट हावऱ्यासारखी ओढून घेतात. मग त्याच झाडांकडून जमीन साफ का करून घेऊ नये, ही कल्पना त्यांनी १९८३ मध्ये मांडली होती. कल्पना कागदावर होती, प्रयोगशाळेतल्या कुंड्यांत होती. तिला शेत मिळत नव्हतं. ते शेत त्यांना एका कलावंतानं मिळवून दिलं.

मेल चिन हा ह्यूस्टनचा, संकल्पनात्मक काम करणारा कलावंत. धोत्र्यासारखी झाडं जमिनीतले जड धातू ओढून घेतात असं काहीसं त्याच्या वाचनात आलं आणि तो शास्त्रज्ञ शोधत फिरू लागला. चेनींनी त्याला धोत्र्यावरून थ्लास्पी नावाच्या थंड प्रदेशातल्या, मोहरीच्याच कुळातल्या एका वीतभर रोपट्यावर आणलं. जागा ठरली मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल इथली, पिग्ज आय ही जुनी कचराभूमी. तिच्या मातीत कॅडमिअम होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीकडे १०,००० डॉलर मागितले गेले. समितीनं मंजूर केले आणि अध्यक्ष जॉन फ्रॉनमायर यांनी १९९० मध्ये नामंजूर केले, कारण यात कला कुठे आहे हे त्यांना दिसेना. चिन स्वतः जाऊन त्यांना भेटला, बोलला, आणि निर्णय फिरला. १९९१ ते १९९३ अशी तीन वर्षं ते शेत चाललं. नाव 'रिव्हायव्हल फील्ड'.

जाऊन पाहिलं असतं तर फार काही दिसलं नसतं.

६० फूट लांब, ६० फूट रुंद असं तारेच्या जाळीचं चौकोनी कुंपण. आत एक वर्तुळ. वर्तुळाला छेदणाऱ्या दोन पायवाटा, वरून बंदुकीच्या दुर्बिणीतल्या फुलीसारख्या दिसणाऱ्या. वर्तुळाच्या आत ९६ वाफे. त्यांत थ्लास्पी, सायलीन, एक जातीचं फेस्क्यू गवत, मका आणि रोमेन लेट्यूस. कुठे मातीत गंधक मिसळून सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा (पीएच), खाली आणलेला, कुठे खताचं प्रमाण वेगळं. आणि वर्तुळाच्या बाहेर, चौकोनाच्या चार कोपऱ्यांत, नुसतं स्थानिक गवत. ते कंट्रोल. प्रयोगातला ज्याला काहीच केलेलं नाही असा तुकडा, ज्याच्याशी बाकी सगळं ताडून पाहायचं. वर्तुळ आणि चौकोन ही चित्रकाराची रचना आणि कंट्रोल ही शेतीशास्त्रज्ञाची गरज. इथे दोन्ही एकाच रेषेवर येतात. कुंपणाचा कोपरा आकाराच्या हिशेबानं उरतो आणि प्रयोगाच्या हिशेबानं लागतो. या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट ती वाटते. विज्ञानावर रंग चढवलेला नाही आणि कलेला आकडेवारीची झूलही घातलेली नाही. तीन वर्षांत थ्लास्पीनं जस्त आणि कॅडमिअम खरोखर वर ओढल्याचं नमुन्यांतून दिसलं. चेनींना शेतातला पुरावा मिळाला, आणि चिनला असं शिल्प मिळालं ज्यात छिन्नीचं काम मुळांनी केलं.

हे वाचून कुणाच्याही मनात भांडेवाडी येते. पूर्व नागपुरातला तो डम्पिंग यार्ड, उन्हाळ्यात धुमसणारा, वाऱ्याची दिशा बदलली की पारडीपर्यंत वास पोहोचवणारा. लगेच वाटतं, इथेही असं एक वर्तुळ आखावं. आखावंच, पण त्याआधी हिशेब करून पाहावा, कारण अशा कामात पहिली माती होते ती उत्साहाची.

समजा एक हेक्टर जमीन आहे आणि किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमिअम आहे. वरचा २० सेंटिमीटरचा थर धरला आणि मातीची घनता १.३ धरली, तर २,६०० टन माती झाली आणि तीत २६ किलो कॅडमिअम. आता साधी मोहरी लावली. हेक्टरी १० टन वाळलेला पाला निघाला आणि त्यात किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमिअम आलं, तर एका पिकात निघालं ५० ग्रॅम. निम्मं कॅडमिअम काढायला २६० पिकं. वर्षाला एक पीक धरलं तर मराठ्यांच्या काळात सुरुवात करायला हवी होती. थ्लास्पीच्या उत्तम वाणानं किलोमागे १,००० मिलिग्रॅम ओढलं आणि हेक्टरी ४ टन पाला दिला, तर एका पिकात ४ किलो निघतं. निम्मं साफ व्हायला तीन-चार हंगाम पुरतात. किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर कॅडमिअम साठवणाऱ्या झाडाला हावरं म्हणायचं अशी रूढ व्याख्या आहे. पण नुसता शंभराचा उंबरठा ओलांडणारं झाड घेतलं, तरी याच हिशेबानं तीसच्या वर पिकं लागतात. म्हणजे सगळा खेळ दोन आकड्यांच्या गुणाकाराचा आहे, पानात किती आणि पान किती. निसर्गात हे दोन्ही एका झाडात क्वचितच जमतात. थ्लास्पी ओढतं भरपूर, पण जमिनीलगत बसलेलं असतं. मोहरी कमरेएवढी होते, पण ओढत नाही.

आणि थ्लास्पी नागपुरात जगणारही नाही. त्याला थंडी हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच काय ती खिडकी, आणि मे अखेरचा रणरणता नवतपा सुरू व्हायच्या कितीतरी आधीच त्याचं वाळवण झालेलं असेल. त्याहून मोठी अडचण आपल्या काळ्या मातीची आहे. तिच्यातली चिकणमाती धातूंना धरून ठेवते, चुन्याचं प्रमाण जास्त, सामू आठच्या आसपास. अशा जमिनीत जस्त असूनही मुळाला मिळत नाही. म्हणून तर संत्र्याची पानं बारीक आणि शिरांमध्ये पिवळट पडली की आपले बागायतदार झिंक सल्फेटची फवारणी करतात. जी माती संत्र्याला हवं असलेलं जस्त सोडत नाही, ती साफसफाईच्या झाडाला कॅडमिअम तरी का सोडेल? पालक खाणाऱ्यांच्या दृष्टीनं ही चांगली बातमी आहे. प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीनं वाईट. गंधक टाकून सामू खाली आणता येतो, पण चुनखडीची जमीन गंधक नुसतं पिऊन टाकते, आधी सगळा चुना संपवावा लागतो. ईडीटीएसारखं रसायन ओतलं तर धातू सुटतो खरा, मात्र मुळानं घ्यायच्या आत तो पावसाबरोबर खाली विहिरीच्या पाण्याकडे निघतो. म्हणजे भाजीवालीची विहीरसुद्धा गेली.

मग लावायचं काय? अशा जागी आपोआप उगवलेलं पाहावं. एरंड, रुई, बेशरम, गाजरगवत, नाल्याच्या कडेला पाणकणीस. यांतलं एकही थ्लास्पी नाही. एरंडाला गुरं तोंड लावत नाहीत हा मोठा गुण, पण तोही धातू फारसा वर चढवत नाही. परिसंवादांत हमखास सुचवला जातो तो वाळा. मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात, ढिगाऱ्याचा उतार ढासळत नाही, सगळं खरं. पण वाळा धातू मुळांमध्येच साठवतो आणि आपण वाळ्याचं विकतो काय, तर मूळच! एप्रिलमध्ये माठात घालायची जुडी आणि कूलरच्या ताट्या याच मुळांच्या. डम्पिंग यार्डावर लावलेला वाळा कुणी रात्री उपटून बाजारात नेला, तर जमिनीतला धातू आपणच पिण्याच्या पाण्यात आणून सोडला. मोहरीचंही तेच, तिचा कोवळा पाला भाजीला जातो. झाड निवडताना त्याला कोण खाईल, कोण तोडेल आणि कोण विकेल, हे आधी पाहावं लागतं. ही चौकशी प्रयोगशाळेत होत नाही, वस्तीत बसून करावी लागते. कलावंताचा खरा उपयोग इथे आहे असं वाटतं, भिंत रंगवण्यात नाही. कचराडेपोच्या भिंतीवर फुलपाखरं काढून झाली की सगळे फोटो काढून घरी जातात.

आपल्याकडे या दिशेचं कामच झालेलं नाही असं मात्र नाही. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या राखेच्या ढिगावर नीरीच्या आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी हेक्टरी ५० टन शेणखत, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी वापरून झाडं उभी केली. नुसत्या राखेत पाणी टिकत नाही आणि नत्र जवळपास नसतंच, त्यामुळे आधी राखेला मातीपण द्यावं लागतं. तिथल्या झाडांमध्ये धातू सगळ्यात जास्त साठवणारा निघाला काशीद, तोच रस्त्याकडेला पिवळ्या फुलांनी भरून जाणारा. हे निष्कर्ष शोधपत्रिकांत छापले गेले आहेत. बुधवार बाजारापर्यंत ते कसे यावेत, हा मात्र कुठल्याच खात्याचा विषय नाही. कलावंत नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये कोंडागावच्या आदिवासी कलावंतांबरोबर हातपंपांच्या जागा घडवल्या. बाईनं डोक्यावर घागर घेण्याआधी ती टेकवायला योग्य उंचीवर जागा, सांडलेलं पाणी मुरायला खड्डा. ते 'नलपार' पाहताना शिल्प कुठे संपतं आणि पाणीपुरवठा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. नागपूरहून बस्तर काही लांब नाही.

नागपुरात अशा कामाची सुरुवात रोपानं न करता नमुन्यानं करावी, कारण नमुना घेणं ही कुणालाही शिकवता येण्यासारखी कृती आहे आणि चुकतंही तिथेच. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणं निवडायची. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या कडेचा दोन बोटं जाडीचा काप वरपासून खालपर्यंत काढायचा. काळी माती ओली असेल तर खुरप्याला लोण्यासारखी चिकटते आणि उन्हाळ्यात इतकी भेगाळते की वरची माती थेट हातभर खाली पडलेली असते. म्हणून भेगेजवळचा नमुना घ्यायचा नाही. सगळे काप प्लास्टिकच्या घमेल्यात कालवायचे. जस्ती बादली चालत नाही, तिच्यातलंच जस्त मातीला लागतं आणि आकडा फुगतो. मग कागदावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. सावलीत वाळवायचं. प्रयोगशाळेला स्पष्ट सांगायचं की एकूण धातू हवा आहे की झाडाला मिळणारा. पहिल्यासाठी माती तीव्र आम्लात उकळतात. दुसऱ्यासाठी १० ग्रॅम माती २० मिलिलिटर डीटीपीएच्या द्रावणात दोन तास हलवून गाळतात. हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपासही नसतात. बातम्यांत कोणता छापलाय हे सहसा लिहिलेलं नसतं, आणि निम्मी घबराट नाहीतर निम्मी बेफिकिरी त्यातून येते.

पानांचा नमुना आणखी फसवा. डेपोजवळच्या पानावर धूळ बसलेली असते आणि तीच यंत्रात जाते. आधी नळाचं पाणी, मग पातळ आम्लाचं, मग ऊर्ध्वपातित पाणी अशी तीनदा धुलाई आणि ६५ ते ७० अंशांवर दोन दिवस वाळवण. एवढं करूनही पानात लोह भलतंच जास्त आलं, तर समजावं की आपण झाड मोजलं नाही, धूळ मोजली.

कापणीनंतर काय, हा प्रश्न उत्साहात कुणी विचारत नाही. धातूनं भरलेला पाला हा घातक कचरा असतो. तो उघड्यावर जाळला तर कॅडमिअम ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे जमिनीतून काढून हवेत सोडलं. गाळणी असलेली भट्टी हवी, राख बंद डब्यात हवी, आणि त्या डब्याचा मालक कोण ते कागदावर हवं. जिथे उन्हाळ्यात कचऱ्याला आपोआप आगी लागतात तिथे वाळलेल्या पाल्याचा ढीग एक रात्रही ठेवणं धोक्याचं.

चिनलाही पुढे ही वाट सोडून थोडी वेगळी वाट धरावी लागली. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर तो न्यू ऑर्लिन्सला गेला. तिथल्या अंगणांतली माती शिशानं भरलेली होती, जुन्या रंगांतून आणि पेट्रोलमधून आलेल्या. शिसं झाडांनी वर ओढलं जात नाही, म्हणून तिथे काढण्याऐवजी कुलूप लावायचं ठरलं. माशांच्या हाडांतलं फॉस्फेट मातीत मिसळलं की शिशाचा पायरोमॉर्फाइट होतो, जो मुलाच्या पोटात गेला तरी सहज विरघळत नाही. वर स्वच्छ मातीचा थर. खर्चाचा अंदाज निघाला ३० कोटी डॉलर, तेव्हा त्यानं देशभरच्या शाळांत शंभराच्या नोटेचा कोरा आराखडा वाटला आणि मुलांकडून लाखो नोटा रंगवून घेतल्या. त्या गोळा करायला एक चिलखती गाडी फिरली, खाद्यतेलावर चालणारी. पैसे काही मिळाले नाहीत. मातीतल्या शिशाची गोष्ट मात्र शेकडो शाळांत पोहोचली, आणि माशांच्या हाडांची पद्धत पर्यावरण खात्यानं पुढे ओकलंडच्या एका वस्तीत वापरली. नागपुरात हीही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पायरोमॉर्फाइट आम्लधर्मी मातीत झटकन बनतो, आठ सामूच्या मातीत रखडतो. आणि जास्तीचं फॉस्फेट पावसात वाहून तलावात गेलं की जलपर्णी आलीच.

तेव्हा इथे करायचंच असेल तर १० मीटर लांब, १० मीटर रुंद एवढा तुकडा पुरे. चार कोपरे कंट्रोलसाठी सोडायचे, त्यांत हराळी आणि मारवेल ही गवतं. मध्ये काशीद, एरंड, आणि थंडीत, पाला कुणी तोडणार नाही अशा पहाऱ्यात, मोहरीचे दोन-तीन वाण, वाळा नाही. पेरणीआधी आणि प्रत्येक कापणीनंतर माती तपासायची. निकाल मराठीत, मोठ्या अक्षरात, कुंपणाला आणि बाजाराच्या फाटकाला लावायचा, चांगला आला तरी आणि काहीच हललं नाही तरी. पहिल्या वर्षी बहुधा काहीच हललेलं नसेल. निधीच्या अर्जात रोपं, खत, तपासणी आणि उद्घाटनाचा मंडप हे सगळे धरतात. चौकीदार धरायचा राहतो. शेळ्या आणि भंगारवाले दोघंही तारेच्या जाळीला फार दिवस टिकू देत नाहीत, आणि शेळी आधी शिरते ती कोपऱ्यातल्या गवतात. तीन वर्षांचा चौकीदाराचा पगार आधी वेगळा काढून ठेवला, तरच पुढचे आकडे लिहायला घ्यावेत.